‘वेट’ म्हणजे नक्की कोणता वेट?

देवनागरीत ‘वेट’ असं लिहा आणि कुणालाही त्याचं इंग्रजी स्पेलिंग विचारा. समोरचा उलट विचारेल, कोणता वेट? ‘जरा थांब’ म्हणतानाचा, ताज्या रंगाशेजारच्या ‘वेट पेंट’ पाटीवरचा, की वजनकाट्यावरचा? थांबायचा वेट डब्ल्यू-ए-आय-टी, ओला डब्ल्यू-ई-टी आणि वजनाचा डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी. इंग्रजाच्या कानाला यातले दोनच जुळे, थांबणं आणि वजन. ओला वेट त्याला साफ वेगळा ऐकू येतो. आपल्याकडे मात्र तिघांचा एकच आवाज.

समोच्चारी शब्दांच्या ज्या याद्या नेटवर फिरतात त्यांची गोम इथेच आहे. त्या दुसऱ्याच्या कानासाठी केलेल्या असतात. लंडनी इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा र उच्चारत नाहीत, म्हणून तिथल्या यादीत चटणीवजा ‘सॉस’ आणि उगम या अर्थाचा ‘सोर्स’ जोडीने बसलेले दिसतात. ‘पकडलं’ या अर्थाचा ‘कॉट’ आणि न्यायालयाचा ‘कोर्ट’ हेही तसेच. मराठी माणूस र कधी गिळत नाही, त्यामुळे या जोड्यांत त्याची चूक व्हायची शक्यता जवळजवळ नाही. उलट ‘सेल’ हा शब्द, ज्यावर आपल्याकडे निम्म्या पाट्या घसरतात, तो त्या यादीत आपल्याला हवा त्या जोडीने सापडतच नाही.

म्हणून चाचणी सोपी ठेवावी. दोन इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाहायचे. ते सारखे दिसले तर ते तुमचे जुळे, मग शब्दकोश काहीही म्हणो. हा सगळा लेख देवनागरीतच आहे तो याच हिशेबाने, आणि त्यामुळे स्पेलिंगं शाळेत घोकतात तशी एकेक अक्षर सुटं करून दिली आहेत. वाचायला थोडी कटकट होईल, पण जिथे अक्षरं सुटी करावी लागली तिथेच घसरण आहे हे आपोआप कळेल.

चाचणीचा एक मासलेवाईक निकाल बघा. द्राक्षाची दारू, द्राक्षाचा वेल आणि कुरकुर करणं असे तीन शब्द. दारू डब्ल्यू-आय-एन-ई, वेल व्ही-आय-एन-ई, कुरकुर डब्ल्यू-एच-आय-एन-ई. आज बहुतेक इंग्रजीभाषक डब्ल्यू-एच आणि नुसता डब्ल्यू एकसारखाच उच्चारतात, म्हणून त्यांच्याकडे दारू आणि कुरकुर जुळी. आपण व्ही साठीही ‘व्ह’ लिहितो आणि डब्ल्यू-एच साठीही ‘व्ह’च. व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप आठवा. म्हणून आपल्याकडे दारू ‘वाइन’ म्हणून एकटी राहते, आणि वेल व कुरकुर दोघेही ‘व्हाइन’ होतात. देवमासा आणि चेहऱ्यावरची जाळी दोन्ही ‘व्हेल’, ते याच कारणाने. जाळी व्ही-ई-आय-एल, मासा डब्ल्यू-एच-ए-एल-ई.

आता ‘ए’कडे येऊ, कारण खरी गर्दी तिथे आहे. इंग्रजीत आखूड ए आणि लांब ए असे दोन वेगळे स्वर आहेत. देवनागरीत मात्रा एकच. आपल्या शेजारच्या कन्नडात आणि तेलुगूत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना वेगवेगळी अक्षरं आहेत, आपल्याला ती सोय नाही. त्यामुळे ‘सेल’ म्हणजे विकणंही आणि विक्रीही, ‘लेट’ म्हणजे उशीरही आणि ‘करू दे’ही, ‘टेस्ट’ म्हणजे चाचणीही आणि चवही, ‘गेट’ म्हणजे फाटकही आणि मिळवणंही. ‘लेटर’ म्हणजे पत्र आणि नंतर, ‘पेपर’ म्हणजे कागद आणि मिरी, ‘डेट’ म्हणजे तारीख आणि कर्ज, ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि दुखणं. ‘वेस्ट’मध्ये पश्चिम, कचरा आणि कंबर असे तिघे. दादर वेस्टच्या पत्त्यात एक ए आणि एक ई इकडचं तिकडे झालं की दादर कचऱ्यात जातं.

एवढ्या सगळ्या जोड्या पाठ करायची गरज नाही, एक नियम पुष्कळ काम करतो. उच्चार आखूड असेल तर रोमन ई, लांब असेल तर रोमन ए. आखूड सेल, म्हणजे विकणं, एस-ई-एल-एल. लांब सेल, म्हणजे विक्री, एस-ए-एल-ई. आखूड लेट एल-ई-टी, लांब लेट एल-ए-टी-ई. चाचणी टी-ई-एस-टी, चव टी-ए-एस-टी-ई. लांब स्वरात बहुधा एक तर ए च्या पुढे आय येतो, जसा थांबायच्या वेटमध्ये, नाहीतर शब्दाच्या शेवटी एक मुका ई बसतो. शेवटी ई-आर असलेल्या शब्दांत आणखी एक खूण मिळते. आखूड स्वरानंतर व्यंजन दुप्पट, लांब स्वरानंतर एकेरी. पत्राच्या लेटरमध्ये दोन टी, नंतरच्या लेटरमध्ये एक. मिरीत तीन पी, एक सुरुवातीचा आणि दोन मधले, तर कागदात दोनच. अपवाद आहेत, आणि ते नेमके रोजच्या वापरातले आहेत. वजन आणि आठ या आकड्यात लांब ए असूनही ई-आय येतो. ‘म्हणाला’ या अर्थाचा सेड उच्चारायला आखूड, पण लिहायचा एस-ए-आय-डी. ‘ग्रेट’ लांब, तरी ई-ए. हेड आणि ब्रेड आखूड, तरी ई-ए. असे आणखीही आहेत, पण हे पाच-सात लक्षात ठेवले की बाकी बरंचसं नियमात बसतं.

आता पाटीवरचा ‘फ्लॅट फॉर सेल’. इथे उच्चाराकडे न जाता व्याकरणाने सुटतं. ‘फॉर’च्या मागोमाग नाम हवं, म्हणून विक्री, म्हणजे एस-ए-एल-ई. ‘ऑन सेल’मध्येही तेच. ‘टू सेल’ असेल तर मात्र क्रियापद, एस-ई-एल-एल. मराठीत बदलून बघा, वाक्यात ‘विक्री’ बसते की ‘विकणं’? ‘विक्रीसाठी फ्लॅट’ म्हणतो आपण. ‘आय वाँट टू सेल माय स्कूटर’मध्ये मात्र ‘विकायची आहे’. मराठीत नाम आणि क्रियापद रूपानेच वेगळे दिसतात, त्यामुळे ही अदलाबदल इंग्रजाला जमणार नाही इतक्या झटकन आपल्याला जमते. या लेखात पुढे ती पुन्हा पुन्हा वापरणार आहे.

‘ऑ’ची गर्दी त्या मानाने लहान. मराठीने अर्धचंद्र घेतला हे फार बरं झालं, त्यामुळे सभागृहाचा हॉल आणि भोकाचा होल आपण कधी मिसळत नाही. पण शर्टाचा कॉलर आणि फोन करणारा कॉलर एकच झाले. मोबाइलवर लावतात ती ‘कॉलर ट्यून’ फोन करणाऱ्याची, सी-ए-एल-एल-ई-आर. सी-ओ-एल-एल-ए-आर लिहिलं तर ती शर्टाची ट्यून.

आता असे जुळे, जे इंग्रजांचेही आहेत आणि आपलेही. यात ॲपॉस्ट्रॉफीचं कुटुंब पहिलं, कारण चुका सर्वांत जास्त तिथे आणि सुटायला सर्वांत सोपंही तेच. ‘इट्स’ लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: इथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं पूर्ण लिहिता येतं का? येत असेल तर ॲपॉस्ट्रॉफी, नसेल तर नाही. ‘इट्स रेनिंग’ उलगडतं, ‘इट्स बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग’ही उलगडतं, कारण तिथे ‘हॅज’ आहे. ‘द बँक हॅज चेंज्ड इट्स टायमिंग्ज’ उलगडून बघा, काही अर्थ लागत नाही. म्हणजे ‘त्याचं, तिचं’ या अर्थाचा इट्स, ॲपॉस्ट्रॉफीशिवाय.

गोंधळ होतो तो दुसऱ्या एका नियमामुळे. नामाला षष्ठी करताना आपण ॲपॉस्ट्रॉफी-एस लावायला शिकतो, रामाचं पुस्तक वगैरे. मग ‘त्याचं’ म्हणतानाही हात आपसूक तिकडे जातो. सर्वनामांना ही चाल लागू नाही. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स यांत कशातच ॲपॉस्ट्रॉफी नाही, आणि इट्स त्यांच्याच पंगतीतला. तसा हा शब्द इंग्रजीत उशिरा आलेला आहे. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या आवृत्तीत तो नव्हताच, तिथे निर्जीव वस्तूलाही ‘हिज’ वापरलेलं सापडतं. नंतर तो रुळला तेव्हाही बराच काळ चांगले चांगले लेखक त्यात ॲपॉस्ट्रॉफी घालत. तेव्हा चूक जुनी आणि खानदानी आहे, पण आज ती चूकच धरली जाते.

‘युअर’ आणि ‘हूज’ यांनाही हीच किल्ली. ‘यू आर वेलकम’ असं उलगडतं, म्हणून आभारांना उत्तर देताना वाय-ओ-यू, ॲपॉस्ट्रॉफी, आर-ई. ‘हू इज’ उलगडलं तर ॲपॉस्ट्रॉफी. ‘कोणाचा’ असेल तर डब्ल्यू-एच-ओ-एस-ई.

‘देअर’मध्ये तिघे आहेत आणि एका वाक्यात तिघांनाही बसवता येतं: ‘देअर गोइंग टू लीव्ह देअर बॅग्ज देअर.’ पहिला ‘ते आहेत’, दुसरा ‘त्यांच्या’, तिसरा ‘तिथे’. पहिला उलगडतो, ‘दे आर’. तिसऱ्याच्या पोटात एच-ई-आर-ई, म्हणजे ‘इथे’ हा शब्द आहे. इथे, तिथे आणि कुठे या तिन्ही शब्दांत ही चार अक्षरं सापडतात, एकाच घरातली भावंडं. दुसऱ्याच्या पोटात एच-ई-आय-आर आहे, म्हणजे वारस, आणि वारस आला की मालकी आलीच. यातला आय आधी टाकून टी-एच-आय-ई-आर करणारे पुष्कळ असतात, त्यांनीही वारस आठवावा.

मराठी अदलाबदल इथे एका जागी फसते, ते सांगायला हवं. ‘देअर इज अ प्रॉब्लेम’ याचं मराठी ‘अडचण आहे’. त्यात ‘तिथे’ कुठेच नाही. या देअरला मराठीत शब्दच नाही, तो नुसता कर्त्याची जागा अडवून बसतो. पुढे इज, आर, वॉज, वेअर किंवा विल बी दिसलं आणि ‘आहे’ एवढाच अर्थ निघाला, की एच-ई-आर-ईवाला घ्यायचा.

या कुटुंबाची आणखी एक डोकेदुखी म्हणजे फोनचा कीबोर्ड. तुम्ही ॲपॉस्ट्रॉफीशिवाय इट्स टाइप करता आणि तो परस्पर घालून देतो. ‘वेल’, म्हणजे विहीर किंवा बरा, याचं ‘वी विल’ करतो. आजारी या अर्थाच्या ‘इल’चं ‘आय विल’ करतो. सुचवण्यांच्या पट्टीत तुमचं मूळ रूप असतं, त्यावर बोट ठेवलं तर ते टिकतं. पण पाठवण्याआधी एकदा नजर टाकल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

‘टू’ तीन प्रकारचा. दोन या आकड्यातला मुका डब्ल्यू त्याच्या नातेवाइकांत ऐकू येतो: ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन, ट्वाइस. या सगळ्यांत टी-डब्ल्यू आहे आणि सगळे ‘दोन’शी बांधलेले. ‘सुद्धा’ किंवा ‘गरजेपेक्षा जास्त’ म्हणायचं असेल तर दोन ओ. जास्त आहे म्हणून ओ पण जास्त. उरलेल्या सगळ्या ठिकाणी एकच ओ. जाता जाता, आपल्याकडे ‘टू गुड’ कौतुक म्हणून सर्रास वापरतात. बाहेरच्या इंग्रजीत त्याचा अर्थ बहुधा ‘जरा जास्तच चांगलं’ असा होतो आणि त्यात शंकेचा वास असतो.

कागदपत्रांकडे वळू. गृहकर्जाच्या एकाच फाइलमध्ये ‘प्रिन्सिपल’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा. आधी ‘इन-प्रिन्सिपल सँक्शन’, म्हणजे तत्त्वतः मंजुरी, तो पी-एल-ई. नंतर ‘प्रिन्सिपल आउटस्टँडिंग’, म्हणजे बाकी मुद्दल, तो पी-ए-एल. पी-ए-एल लक्षात ठेवायला मराठीत आयती खूण आहे: राज्यपाल, नगरपाल, लेखापाल. पदावरचा माणूस म्हटलं की शेवटी ‘पाल’. कॉलेजचे प्राचार्य त्यातलेच. तोच शब्द ‘मुख्य’ या अर्थानेही चालतो, म्हणून प्रधान सचिव हे ‘प्रिन्सिपल सेक्रेटरी’ आणि मूळ रक्कम ही ‘प्रिन्सिपल अमाउंट’, दोन्ही पी-ए-एल. म्हणजे पी-एल-ईकडे एकटं तत्त्व उरलं. तत्त्व असेल तर पी-एल-ई, बाकी सगळं पाल.

‘स्टेशनरी’ची गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच मुळाचे. मध्ययुगात फिरते विक्रेते बरेच होते. एका जागी ठाण मांडून पुस्तकं-कागद विकणारा तो स्टेशनर. लंडनमध्ये त्यांचा संघ 1403 साली स्थापन झाला. त्या स्टेशनरच्या दुकानातला माल तो ई-आर-वाय, आणि जागचा न हलणारा तो ए-आर-वाय. पेपरच्या शेवटी ई-आर, स्टेशनरच्या शेवटी ई-आर, म्हणून वह्या-पेन विकणाऱ्याच्या पाटीवरही ई-आर-वाय. ए-आर-वाय लिहिलं तर दुकान स्थिर आहे एवढंच कळतं.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत निम्मी पानं ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम’ने भरलेली असतात. हा शुभेच्छा-कौतुकाचा शब्द, पी-एल-आय. हॉटेलात फुकट मिळतो तो नाश्ताही पी-एल-आय, कारण ती त्यांच्याकडून भेट. पी-एल-ई म्हणजे उणीव भरून काढणारं. कम्प्लीट या शब्दाशी नातं आहे आणि तिथेही पी-एल-ई. मराठीत याला ‘पूरक’ म्हणावंसं वाटतं, पण गणिताच्या विद्यार्थ्यांनी जपून. आपल्या पाठ्यपुस्तकात 90 अंशांच्या जोडीला कोटिकोन म्हणतात आणि इंग्रजीतला पी-एल-ईवाला शब्द त्यांचा. पूरक कोन म्हणजे 180 अंशांची जोडी, तिला इंग्रजीत वेगळाच शब्द आहे.

नगरपरिषद, विधान परिषद यांतली ‘कौन्सिल’ सी-आय-एल, आणि नगरसेवक तिच्यातला, म्हणून सी-आय-एल-एल-ओ-आर. सल्ला देणारा आणि कोर्टातला वकील एस-ई-एल. लेटरहेडवर ही अदलाबदल झाली की नगरसेवकाचा समुपदेशक होतो.

सल्ल्यावरून ‘काइंडली ॲडव्हाइस’. ऑफिसच्या मेलमध्ये हे रोज दिसतं आणि ते चूक आहे. इंग्रजीत हे दोन शब्द मुळात जुळे नाहीतच. नामाचा शेवट स ने होतो, क्रियापदाचा झ सारख्या घोषाने. आपण दोन्हीकडे स म्हणतो आणि जुळे आपणच तयार करतो. ‘सल्ला’ हे नाम सी-ई, ‘सल्ला द्या’ हे क्रियापद एस-ई. सी-ईच्या शेवटच्या तीन अक्षरांत आइस, म्हणजे बर्फ आहे, आणि बर्फ ही वस्तू, म्हणजे नाम. ‘काइंडली’नंतर क्रियापद हवं, तेव्हा एस-ई.

‘लूज’चं प्रकरण तसंच. हरवणं, गमावणं एल-ओ-एस-ई. सैल असणं डबल ओ. सैलचा खरा उच्चार ‘लूस’, पण ‘लूज’ चहा, ‘लूज’ कपडे आपल्या बोलण्यात इतके मुरलेत की आता तो बदलणार नाही. मग निदान लिहिताना लक्षात ठेवावं: जो गमावतो त्याचा एक ओ गेला.

रेल्वेच्या अर्जात ‘लोअर बर्थ’ मागताना बी-आय-आर-टी-एच लिहिलं तर खालच्या पातळीवरचा जन्म मागितल्यासारखं होतं. झोपायची फळी बी-ई-आर-टी-एच. बेड आणि बेंच यांच्यासारखं दुसरं अक्षर ई. भाडं एफ-ए-आर-ई, एफ-ए-आय-आर म्हणजे न्याय्य, गोरा किंवा जत्रा. बसचा मार्ग आर-ओ-यू-टी-ई, झाडाचं किंवा वर्गमुळातलं मूळ आर-डबल ओ-टी. सहलीच्या जाहिरातीत ‘साइट सीइंग’ फार चुकतं. तिथे नजरेचा साइट लागतो, एस-आय-जी-एच-टी, पाहण्याचा. एस-आय-टी-ई ही जागा. इमारतीचं बांधकाम चाललंय ती साइट, वेबसाइट, वगैरे. गाडीचा ब्रेक बी-आर-ए-के-ई, मोडणं आणि मधली सुट्टी बी-आर-ई-ए-के. गॅरेजच्या पाटीवर मोडणारा ब्रेक लिहिलेला वाचून गाडी आत घालावी की नाही, असा प्रश्न पडतो. ब्रेकफास्टमध्ये बी-आर-ई-ए-के आहे, कारण तिथे रात्रभरचा उपास मोडतो.

पिठाच्या गिरणीची पाटी हा स्वतंत्र विषय आहे. इंग्रजीत पीठ आणि फूल यांचा उच्चार एकच, ‘फ्लाउअर’सारखा. मुळात तो एकच शब्द. धान्याचा सर्वांत निवडक भाग म्हणजे त्याचं फूल, आणि स्पेलिंगं पक्की वेगळी झाली ती बरीच उशिरा. आपण मात्र पिठाचं स्पेलिंग डोळ्यांनी वाचलं आणि ‘फ्लोअर’ म्हणू लागलो. त्यामुळे आपल्याकडे पीठ आणि जमीन जुळे झाले, आणि फूल ‘फ्लॉवर’ होऊन भाजीबाजारात गेलं. पाटी रंगवणारा मग तिन्हींपैकी कुठलंही लिहितो. बरोबर आहे ते एफ-एल-ओ-यू-आर.

नोकरीच्या अर्जात म्हणजे बायोडेटात तीन जागा तपासाव्यात. ‘आठ जणांच्या टीमचं नेतृत्व केलं’ हा भूतकाळ, तिथे एल-ई-डी. एल-ई-ए-डी लिहिलं जातं कारण ‘रीड’चा भूतकाळ ‘रेड’ वाचला तरी स्पेलिंग बदलत नाही, त्यावरून इथेही तसंच असेल असं वाटतं. शिवाय शिसं हा धातू एल-ई-ए-डी आणि त्याचा उच्चार लेडच. एलईडी बल्ब आठवा, तीच तीन अक्षरं. दुसरं, भूमिका आर-ओ-एल-ई. डबल एल म्हणजे गुंडाळी किंवा यादी, म्हणून हजेरी क्रमांक, मतदार यादी, पगारपत्रक, मस्टर हे सगळे डबल एल. नटाचा संवाद ज्या गुंडाळीवर लिहिलेला असे तीवरून भूमिका आली, त्यामुळे इथेही मूळ एकच. तिसरं, ‘पास्ट’. क्रियापद असेल तर पी-ए-डबल एस-ई-डी: परीक्षा पास झालो, बिल मंजूर झालं, कुणी वारलं. क्रियापद दुसरं असेल तर पी-ए-एस-टी. ‘द बस वेंट पास्ट द स्टॉप’मध्ये वेंट हे क्रियापद आधीच आहे, म्हणून टी.

‘प्लीज बेअर विथ मी’ लिहिताना बी-ई-ए-आर, म्हणजे सोसणं. बी-ए-आर-ई म्हणजे उघडं होणं. ग्राहकाला असं आमंत्रण देऊ नये. आणि शोकसंदेशातला ‘रेस्ट इन पीस’ पी-ई-ए-सी-ई. ब्लाऊज पीस, केकचा पीस पी-आय-ई-सी-ई. इथे घाईत झालेली चूक फार बोचते.

लिहून झाल्यावर ‘मोठ्याने वाचून बघा’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. चूक कानातूनच झाली, कानाला ती कशी सापडणार? स्पेलचेकही मदत करत नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या कोशात आहेत. व्याकरण तपासणारी साधनं इट्ससारखं काही पकडतात, बर्थ किंवा प्रिन्सिपलला बऱ्याचदा सोडून देतात. बोलून टाइप करणाऱ्यांनी तर जास्तच बघावं. यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज करतं, आणि दोन-तीन शब्दांच्या वाक्यात अंदाजाला काही धागाच नसतो.

उपयोगी पडते ती वेगळी रीत. आपण वारंवार चुकतो असे सहा-सात शब्द कागदावर लिहून ठेवायचे, जास्त नकोत. मजकूर पूर्ण झाला की कंट्रोल-एफ करून एकेक शोधायचा. ‘पूर्ण शब्द’ हा पर्याय सुरू ठेवायचा, नाहीतर इट्स शोधताना ‘बेनिफिट्स’च्या शेपटीपर्यंत सगळं पिवळं होतं. शब्द सापडला की तेवढ्या वाक्याचं मनात मराठी करायचं. जोडीतले दोन्ही शब्द शोधायचे, कारण चुकीच्या जागी कोण बसलाय ते आधी माहीत नसतं. दोन पानांच्या पत्राला याला पाचेक मिनिटं लागतात.

ब्रिटिश आणि अमेरिकन हा फरकही मधे येतो. ब्रिटिश रीतीत सराव हे नाम सी-ई, सराव करणं एस-ई. परवान्याचंही तसंच, म्हणून आपल्या ड्रायव्हिंग लायसन्समध्ये सी-ई. अमेरिकेत सराव दोन्हीकडे सी-ई आणि परवाना दोन्हीकडे एस-ई. अंतराचा मीटर ब्रिटिश रीतीत टी-आर-ई आणि रिक्षाचा टी-ई-आर. अमेरिकेत दोन्ही टी-ई-आर. सात मजली इमारतीच्या ‘स्टोरी’त ब्रिटिश लोक ई-वाय लिहितात, गोष्टीत नुसता वाय. भारतात सरकारी आणि शालेय कागदांत ब्रिटिश रीत चालते. अमेरिकेतल्या कंपनीसाठी लिहीत असाल तर तिकडची घ्या, पण एका कागदावर दोन्ही नकोत.

एक उलटी चूकही सांगतो. ‘शुड हॅव’ घाईत बोललं की ‘शुडव्ह’ होतं, आणि इंग्रजी मातृभाषा असलेले कित्येक जण ते ओ-एफ घालून लिहितात. पुस्तकातून इंग्रजी शिकलेला मराठी माणूस ही चूक सहसा करत नाही, कारण त्याने तो शब्द आधी पाहिला आणि मग ऐकला. परदेशात वाढलेली आपली मुलं मात्र आधी ऐकतात, त्यांच्या वहीत हे तपासून बघा.

आता ही तीन वाक्यं रोमनमध्ये लिहून पाहा.

‘देअर इज अ सेल ॲट द स्टेशनरी शॉप, बट इट्स शटर इज डाउन.’ 

‘द प्रिन्सिपल पास्ट द लेटर टू अस अँड सेड देअर वॉज नो पीस इन द हॉस्टेल.’ 

‘आय कॅनॉट बेअर द वेट, सो प्लीज वेट हिअर.’

पहिल्यात देअर एच-ई-आर-ईवाला, सेल एस-ए-एल-ई, स्टेशनरी ई-आर-वाय आणि इट्स ॲपॉस्ट्रॉफीशिवाय, कारण शटर दुकानाचं. दुसऱ्यात पाल, डबल एस-ई-डी, दोन टी असलेलं पत्र, एक ओ असलेला टू, आय असलेला सेड, पुन्हा एच-ई-आर-ई, आणि पी-ई-ए-सी-ई. तिसऱ्यात बी-ई-ए-आर, पहिला वेट आधी वजनाचा घेतला तर वाक्य हमालाचं होतं. पण तो थांबण्याचाही असू शकतो, म्हणजे ताटकळणं सोसवत नाही. पुढे ‘प्लीज वेट हिअर’ आहे म्हणून वजनाचा जास्त जुळतो. हिअर मात्र एच-ई-आर-ई. ऐकण्याच्या हिअरच्या पोटात ई-ए-आर, म्हणजे कान असतो; हा कान नसलेला.